वेब्ली की एनफिल्ड?

दादरला आमच्या इमारतीत एक निवृत्त फौजदार राहतात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत वडिलांचा दुसऱ्या महायुद्धातला फोटो आहे. खाकी गणवेश, कमरेच्या चामडी पाकिटातून डोकावणारं रिव्हॉल्वर, मुठीच्या कडीला बांधलेली दोरी. "बाबांची वेब्ली," असं ते आल्यागेल्याला सांगतात. मी एकदा जपूनच म्हटलं, "काका, ही एनफिल्डही असू शकेल." त्या दिवशी चहा जरा उशिरा आला.

काकांची चूक तरी कशी म्हणावी? वेब्ली मार्क फोर आणि एनफिल्ड नंबर टू ही दोन ब्रिटिश रिव्हॉल्वरं, दोन्ही .38ची (हा बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, ढोबळ इंचातला आकडा), सहा बारांची, पाच इंची नळीची. कुलपाचा खटका (चाप नव्हे) दाबला की दोन्ही बिजागरीवर मधून दुमडतात आणि रिकामी काडतुसं आपोआप वर उचलली जातात. दोन हातांवरून बघितलं तर जुळ्या बहिणी.

या सारखेपणामागे एक भांडण आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याकडे .455ची दणकट वेब्ली होती. तिचा धक्का मोठा, आणि घाईघाईत भरती झालेल्या पोरांचा नेम तिच्यावर बसेना. म्हणून लष्कराला .38चं हलकं रिव्हॉल्वर हवं होतं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने तसा नमुना करून दिला. सरकारने तो आपल्या एनफिल्डच्या कारखान्यात नेला, आतली रचना थोडी बदलली आणि 1930च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचंच रिव्हॉल्वर सैन्यात आणलं. कंपनीने 2,250 पौंड मागितले. सरकारी बाजू म्हणाली, रचना आमच्या कॅप्टन बॉइज यांची, कंपनीने फक्त मदत केली. दावा फेटाळला गेला. पुढे एका शाही आयोगाने 1,250 पौंड हातावर ठेवले. कंपनीची बाजू मला तरी पटते. गंमत म्हणजे युद्ध पेटल्यावर एनफिल्डचं उत्पादन पुरेना, तेव्हा सरकार त्याच कंपनीच्या दारात गेलं आणि वेब्लीही हजारोंनी घेतल्या.

मग ओळखायचं कसं? एनफिल्डच्या अंगावर स्क्रूने बसवलेलं एक झाकण असतं. ते काढलं की आतली सगळी यंत्रणा समोर. वेब्लीला असं झाकण नाही. आतले भाग एकीचे दुसरीला बसत नाहीत, त्यामुळे जुनी रिव्हॉल्वरं जमवणाऱ्यांना हा फरक महागात पडतो. शिक्केही बघावेत. वेब्लीवर बहुधा '.38 145/200' असं कोरलेलं दिसतं. 145 आणि 200 हे आकडे गोळीच्या वजनाचे, ग्रेन या बारीक मापातले. एनफिल्डवर मुकुट, 'एनफिल्ड' आणि साल.

नावातही एक सापळा आहे. 1899 साली वेब्लीचंच .455चं एक मॉडेल निघालं, तेही 'मार्क फोर'च. नुसतं 'मार्क फोर वेब्ली आहे' असं कोणी म्हणालं, तर बोअर विचारल्याशिवाय मान डोलवू नये.

तिसरी खूण घोड्याची. मुंबईत घोडा म्हणजे अख्खं पिस्तूल, पण इथे घोडा म्हणजे मागे असतो तो, काडतुसावर आपटणारा. वेब्लीच्या घोड्याला अंगठ्याने मागे ओढण्यासाठी शेपटी असते. घोडा असा आधीच चढवला की चाप अगदी हलका लागतो आणि नेम स्थिर राहतो. 1938 साली आलेल्या एनफिल्ड मार्क वन स्टारची ही शेपटीच काढून टाकली. रणगाड्यात चढता-उतरता ती अडकायची, असं कारण सांगितलं जातं. परिणाम असा, की प्रत्येक बाराला चापच लांब आणि जड ओढायचा. घोडा चढवणं आणि सोडणं, दोन्ही कामं एकट्या बोटाची. आधीच्या कितीतरी एनफिल्डही नंतर अशाच बदलून घेतल्या गेल्या. शांतपणे निशाणा साधायचा असेल तर मी डोळे मिटून वेब्ली निवडेन.

आपल्या कायद्याला मात्र या दोघींच्या भांडणाशी कर्तव्य नाही. तो विचारतो, आत काडतूस कोणतं बसतं? .380 (म्हणजे वरचंच .38) आणि .455चं रिमवालं, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेलं, काडतूस चालणारी रिव्हॉल्वरं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे परवानावाल्यांच्या भाषेत 'पीबी'मध्ये मोडतात. त्यासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते. 'आजोबांची आहे, शोभेला ठेवलीय' हे उत्तर चालत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 45ची सवलत जुन्या घडणीच्या किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही असं असेल तरच. गंज चढलेली वेब्ली त्यात बसेलच असं नाही.

म्हणूनच आपल्याकडे परवान्यावर जिकडेतिकडे .32 दिसतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 रिव्हॉल्वर वेब्ली मार्क फोरच्याच घडणीवर बेतलेलं आहे. तसंच मधून दुमडणारं, तशाच सहा बारांचं. 2014 साली आलेली अर्ध्या किलोची 'निर्भीक' त्याच घरातली. इंग्लंडमध्ये जिला सरकारने डावललं, तिचा वंश कानपुरात सरकारनेच चालवला.

परवा काका भिंग घेऊन आले. फोटो खिळ्यावरून काढून आम्ही खिडकीपाशी नेला. घोड्याचं टोक गोल, गुळगुळीत. शेपटी नाही.

"म्हणजे?"

"मार्क वन स्टार, काका. एनफिल्ड, बहुधा."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि फोटो परत खिळ्याला लावला. "पण बाबा तिला वेब्लीच म्हणायचे," ते म्हणाले.