लाइट्स आउट
पाच ओळी आणि पाच रकाने अशा पंचवीस घरांच्या पटावरचे सगळे दिवे विझवण्याचे कोडे. टायगर इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीने १९९५ मध्ये ते हातात मावणाऱ्या खेळण्याच्या रूपात आणले. त्याच कुळातले तीन बाय तीनचे कोडे पार्कर ब्रदर्सच्या १९७८ मधल्या ‘मर्लिन’ या खेळण्यात होते. नियम मात्र थोडे निराळे.

एखादे बटण दाबले की ते घर आणि त्याच्या वरचे, खालचे, डावीकडचे, उजवीकडचे घर उलटते. पेटलेला दिवा विझतो, विझलेला पेटतो. एकच बटण दोनदा दाबले तर काहीच बदलत नाही, आणि बटणे कुठल्या क्रमाने दाबली यानेही फरक पडत नाही. मग खरा प्रश्न एवढाच उरतो, की कोणती बटणे दाबायची.

नवखा खेळाडू पेटलेल्या दिव्यामागे धावतो आणि गुरफटतो. त्यापेक्षा ओळीओळीने उतरावे. पहिल्या ओळीत जिथे दिवा पेटला असेल, त्याच्या बरोबर खालचे बटण दाबावे. ती ओळ विझली की तसेच पुढे. सरतेशेवटी दिवे उरलेच तर तळाच्या ओळीत उरतात. तिथे मधला सोडून बाकीचे चारही पेटलेले असतील, तर पहिल्या ओळीतले मधले बटण दाबून पुन्हा तसेच खाली यावे. पट विझतो. तळाशी उरू शकणाऱ्या अशा सुटणाऱ्या आकृत्या सातच आहेत आणि प्रत्येकीवर असाच उतारा आहे.

या खेळाचे मूळ मर्म सेल्युलर ऑटोमेटामध्ये आहे. तिथे पटावरचे प्रत्येक घर शेजाऱ्यांकडे पाहून पुढच्या पिढीत पेटायचे की विझायचे हे ठरवते. गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा १९७० चा ‘गेम ऑफ लाइफ’ हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. इथला नियम त्याहून साधा: स्वतः आणि चार शेजारी मिळून पेटलेली घरे विषम असली तर पेटायचे, सम असली तर विझायचे. दाबायची बटणे ही आधीची पिढी मानली, तर समोरचे दिवे ही तिची पुढची पिढी ठरते. म्हणजे कोडे सोडवणे हे मागची पिढी हुडकणे आहे. ज्या मांडणीला मागची पिढीच नसते, तिला ‘गार्डन ऑफ ईडन’ म्हणतात.

अशा मांडण्या थोड्याथोडक्या नाहीत. एकूण ३,३५,५४,४३२ मांडण्यांपैकी ८३,८८,६०८, म्हणजे नेमक्या एक चतुर्थांशच सुटतात. पारख कागदाशिवायही करता येते. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीतला मधला रकाना वगळला की बारा घरे उरतात. त्यांत पेटलेले दिवे मोजावेत. पट काटकोनात फिरवून पुन्हा मोजावेत. दोन्ही वेळा संख्या सम आली तरच कोडे सुटते. फक्त कोपऱ्यातला एक दिवा पेटलेला असेल, तर कितीही डोके लढवले तरी तो विझणार नाही. फक्त मधला असेल, तर विझतो. तीन बाय तीनच्या पटावर मात्र प्रत्येक मांडणी सुटते आणि चार बाय चारवर सोळातली एकच. हा चढउतार फार विलक्षण आहे.

सर्वांत सुंदर निष्कर्ष संगणकशास्त्रज्ञ क्लाउस सुटनर यांचा. पट कोणत्याही आकाराचा असो, शेजार कसाही जोडलेला असो, सगळे दिवे पेटलेले असतील तर ते विझवता येतातच, हे त्यांनी १९८९ मध्ये दाखवले. पाच बाय पाचवर त्यासाठी पंधरा बटणे दाबावी लागतात; सुटणाऱ्या कोणत्याही मांडणीला याहून जास्त लागत नाहीत.