टेक्सासमधील पात्र मतदारांची वांशिक रचना

अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०२० च्या जनगणनेत २,९१,४५,५०५ माणसे मोजली गेली. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले लोक, मग वंश कोणताही असो. बिगर-हिस्पॅनिक गोरे ३९.७ टक्के, हिस्पॅनिक ३९.३ टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरीच. पात्र मतदारांत मात्र हिस्पॅनिकांचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि गोऱ्यांचा निम्म्याच्या घरात जातो. कृष्णवर्णीयांचा फारसा हलत नाही.

हा फरक दोन चाळण्यांचा आहे: वय १८ पूर्ण आणि नागरिकत्व. हिस्पॅनिक समाज वयाने तरुण, त्यामुळे पहिल्याच चाळणीत बरेच जण गळतात. पण त्यांची बहुतेक मुले जन्माने नागरिक असल्याने ती वर्षागणिक यादीत येत राहतात. आशियाईंना दुसरी चाळणी जास्त अडवते. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांत आईवडील ग्रीन कार्डावर आणि मत फक्त तिथे जन्मलेल्या मुलीला, असेही घडते. (भारतीय वंशाचे लोक १९७० च्या जनगणनेत 'गोरे' होते, १९८० पासून 'आशियाई' झाले.)

दर दहा वर्षांच्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न नसतो. २०२० साठी तो घालण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयात २०१९ मध्ये अडला. म्हणून आकडे जनगणना खात्याच्या 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' या नमुना पाहणीतून घ्यावे लागतात. ही पाहणी देशभरात वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर होते आणि पाच वर्षांची माहिती एकत्र करून प्रौढ नागरिकांचा खास तक्ता निघतो. त्यात वंशाचे रकाने बिगर-हिस्पॅनिकांचे असतात. इतर तक्त्यांतल्या 'फक्त गोरे' या रकान्यात हिस्पॅनिकही येतात. दोन्हींची सरमिसळ केली की तीच माणसे दोनदा मोजली जातात. खास तक्त्यात १ ते ७ हे सगळे आकडे ४ म्हणून छापतात, ८ पासून पुढचे पाचाच्या पटीत. त्यामुळे लहान वस्त्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. वस्त्या एकत्र करताना त्रुटीची मर्यादाही (नमुन्यामुळे आकडा किती कमीजास्त असू शकतो ती) सरळ बेरजेने काढायची नसते: प्रत्येक वस्तीच्या मर्यादेचा वर्ग, वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ.

कोणता आकडा धरला यावर मतदारसंघ कसा फिरतो, ते २३ व्या संसदीय मतदारसंघात दिसले. २००३ मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखताना लारेडो शहर असलेला वेब परगणा दुभंगला. प्रौढ रहिवाशांत हिस्पॅनिक ५०.९ टक्के उरले, म्हणजे कागदावर बहुमत शाबूत. प्रौढ नागरिकांत मात्र वाटा ५७.५ वरून ४६ वर घसरला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नागरिकांचा आकडा ग्राह्य धरून या मतदारसंघाची आखणी अल्पसंख्याकांच्या मताला संरक्षण देणाऱ्या मतदान हक्क कायद्याचा भंग ठरवली.

तक्त्यातले 'पात्र' आणि कायद्याने पात्र यांतही अंतर आहे. गंभीर गुन्ह्याची शिक्षा, पॅरोल किंवा प्रोबेशन संपेपर्यंत टेक्सासमध्ये मतदान करता येत नाही, पण तक्त्यात ही माणसे असतात. पुढे नोंदणी झालेल्या मतदारांचा वंश शोधणे आणखी अवघड, कारण टेक्सासच्या नोंदणी अर्जात तो विचारतच नाहीत. मग स्पॅनिश आडनावांच्या यादीवरून अंदाज बांधतात. त्यात गार्सिया आडनावाचा फिलिपिनो हिस्पॅनिक ठरतो, आणि लग्नानंतर स्मिथ झालेली गार्सिया सुटून जाते.