गंज वेगळा, खपली वेगळी

लोहाराच्या ऐरणीभोवती काळ्या, ठिसूळ चकत्यांचा खच पडलेला असतो. लालबुंद पात्यावर घण बसला की त्या उडतात. कारखान्यात त्यांना 'स्केल' म्हणतात, आपण खपली म्हणू. पुष्कळजण तिला गंजच समजतात. शाळेत दोन्हींवर 'ऑक्सिडीकरण' हा एकच शिक्का बसतो, तिथेच घोळ होतो.

गंजाला पाणी लागतं. कोकणात पावसाळ्यात खिडकीचे गज गंजतात तेव्हा त्यांच्यावरच्या ओलीत अक्षरशः छोटी बॅटरी चालू असते: एका जागी लोखंड विरघळतं, शेजारी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन उचलतो. खाऱ्या हवेतल्या मिठाने हे काम आणखी जोरात चालतं. कोरड्या हवेत, नेहमीच्या तापमानाला, तोच गज वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो.

खपलीला पाण्याचा थेंबही नको, आच आणि हवा पुरे. आधी ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि मग तोच लोखंड व हवेच्या मध्ये उभा राहतो. पुढे वाढायचं तर लोखंडाच्या आयनांना त्यातूनच वाट काढत वर यावं लागतं. थर जाड होईल तशी वाट लांबते, म्हणून जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल वाग्नरने 1933 साली याची उपपत्ती मांडली. मग साधं लोखंड भट्टीत टिकत का नाही? कारण साधारण 570 अंश सेल्सिअसच्या वर आतल्या बाजूला वुस्टाइट हा लोखंडाचाच एक ऑक्साइड तयार होतो. त्याच्या स्फटिकात लोखंडाच्या इतक्या जागा रिकाम्या असतात की आयनांना अडवणारं कुणी उरत नाही. शिवाय गार होताना थर आणि धातू सारखे आकसत नाहीत. थर तडकतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

रोग वेगळे, तशी औषधंही वेगळी. जीआय पत्र्यावरचं जस्त स्वतः झिजून लोखंडाला गंजापासून वाचवतं. पण हाच पत्रा भट्टीच्या धुराड्याला लावणं चूक. सतत 200 अंशांच्या वर तापला तर मुलामा सुटू लागतो, आणि 419 अंशांना जस्त वितळतंच. (कल्हईचं कथील तर 232 अंशांनाच वितळतं, रिकामं पातेलं आचेवर विसरलेल्यांना हे सांगायला नको.)

भट्टीत ऑक्साइड थांबवता येत नाही. कोणता धरू द्यायचा, एवढंच आपल्या हातात असतं. टोस्टरची निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार टिकते ती तिच्यावर आपोआप धरणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडमुळे. अल्बर्ट मार्शला तिचं पेटंट 1906 मध्ये मिळालं. मात्र साधारण 1000 अंशांच्या पुढे हा थर वायू होऊन उडू लागतो. तिथे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच हवा, तो फारच सावकाश वाढतो.

विमानाच्या टर्बाइनच्या पात्यांवर झिर्कोनियाचा पांढरा सिरॅमिक लेप असतो. तोच ऑक्सिजन अडवतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात गरम झिर्कोनियातून ऑक्सिजन आरामात आरपार जातो. लेप अडवतो ती फक्त उष्णता. ऑक्सिजनला तोंड देतो त्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमयुक्त धातूच्या लेपावर धरलेला, काही मायक्रॉन जाडीचा अ‍ॅल्युमिनाचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचाच, थर. तो फार जाडावला की वरचं सिरॅमिकही खपलीसारखं सुटून पडतं.