उष्णतेच्या लाटेचा दैनिक इशारा (बडोदे व खंबायतचा किनारा)

मार्च ते जून या काळात भारतीय हवामानशास्त्र विभागाकडून रोज प्रसृत होणारा धोकादर्शक अंदाज. बडोदे ‘गुजरात प्रदेश’ या हवामानशास्त्रीय उपविभागात मोडते. सौराष्ट्र व कच्छ यांचा उपविभाग वेगळा आहे. हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे रंगसंकेत सर्वपरिचित आहेत.

अशा इशाऱ्यांच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. १८६४ च्या चक्रीवादळानंतर कलकत्ता बंदरासाठी १८६५ च्या सुमारास वादळसूचनेची व्यवस्था झाली; पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांना ती बहुधा १८८० च्या आसपास मिळाली. हवामान विभाग १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली स्थापन झाला (तिसरे सयाजीराव बडोद्याच्या गादीवर आले तेही याच वर्षी). दैनिक हवामान अहवाल साधारणतः १८७८ पासूनचा मानतात. बंदरसूचना वादळापुरतीच असे. त्यामुळे रोजच्या इशाऱ्याचे मूळ १८६५ पेक्षा या अहवालात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. उष्णतेचा इशारा पुष्कळ अलीकडचा.

लाट ठरवण्यासाठी कमाल तापमान सपाटीवर किमान ४०° से., किनाऱ्यावर ३७° से. व डोंगराळ भागात ३०° से. असावे लागते. शिवाय ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५° ते ६.४° ने अधिक असावे. त्याहून अधिक तफावत असल्यास लाट तीव्र मानतात. सपाटीवर पारा ४५° ला पोचल्यास तफावत न पाहता लाट, ४७° ला तीव्र लाट. उपविभागातील निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट घोषित होते. सरासरी ३६° धरल्यास मार्चमध्ये ४०.५° ला लाट ठरेल. मे महिन्यात बडोद्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास असल्याने तोच आकडा नेहमीचा उन्हाळा ठरतो.

खरी अडचण आर्द्रतेची आहे. राजस्थानकडून येणारे कोरडे वायव्य वारे जोरात असले की समुद्रावरचा वारा उशिरा पोचतो आणि पारा चढतो. खंबायतच्या आखाताकडून वारा वळला की पारा उतरतो, पण घाम वाळत नाही आणि रात्रीही उकाडा राहतो. केवळ कमाल तापमानावरून लाट ठरवणारा निकष या दुसऱ्या प्रकाराला न्याय देत नाही. विभाग अलीकडे ‘उष्ण व दमट हवा’ असा वेगळा इशारा देतो. आखाताजवळच्या गावांसाठी तोच अधिक उपयुक्त मानावा लागेल.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८° वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा आला. दक्षिण आशियातील तो पहिला मानला जातो. त्यात ४१.१° पासून पिवळा, ४३.१° पासून नारिंगी व ४५° पासून लाल इशारा होता, म्हणजे तफावतीऐवजी शहराचे स्वतःचे आकडे.

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातील मराठी घरांत पन्हे, ताक, माठ व वाळा हे उपाय रूढ आहेत.

मे-जूनमध्ये किनाऱ्यासाठी वादळाचा इशाराही येतो. ‘तौक्ते’ १७ मे २०२१ रोजी दीव-उना भागात, तर ‘बिपरजॉय’ १५ जून २०२३ रोजी कच्छमधील जखौजवळ धडकले. अशा वेळी मच्छीमारांना समुद्रात न जाण्याची सूचना दिली जाते. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटीचा पल्ला देशात सर्वांत मोठ्यांपैकी असल्याने वादळ भरतीच्या वेळी येणे तेथे अधिक धोक्याचे असते.