बाळाला बाबांपेक्षा जास्त लोह का लागतं?

आठ महिन्यांच्या बाळाला रोज 11 मिलिग्रॅम लोह लागतं आणि त्याच्या बाबांना 8. आकड्यांची अदलाबदल झालेली नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातले हे आकडे आहेत. अन्नातलं किती लोह अंगी लागेल याचा हिशेब प्रत्येक देश वेगळा धरतो, त्यामुळे इतर तक्त्यांत वेगळे आकडे दिसतील. मी इथे लोहापुरता हाच तक्ता धरून चालले आहे, कारण माणसाची गरज अंगापिंडावर ठरत नाही, त्या वयात शरीराने कोणतं काम हाती घेतलंय त्यावर ठरते, हे त्यात लख्ख दिसतं.

पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधातलं लोह छान शोषलं जातं, पण असतं थोडंच. इकडे बाळाचं वजन वर्षभरात जन्माच्या तिप्पट होतं, रक्त वाढतं, मेंदू झपाट्याने घडत असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं आणि नंतर त्याच्या जोडीला वरचं अन्न सुरू करावं. हे वरचं अन्न नुसतं पातळ पाणी असेल तर पोट भरतं आणि शिदोरी रिकामीच राहते. मऊ शिजवून घोटलेली डाळ, अंडं, मांस यांतलं घरात जे चालतं ते लवकर द्यायला हवं.

तेराव्या वर्षापर्यंत मुलगा-मुलगी दोघांना सारखंच लोह लागतं. चौदाव्या वर्षापासून मुलाला 11 आणि मुलीला 15 मिलिग्रॅम, तर तरुण स्त्रीला 18. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, आणि पाळीत ते दर महिन्याला जातं. नेमक्या याच वयात मुली वजनाच्या धास्तीने जेवण तोडतात. मग मुलगी दमते, तिचं लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप लागते आणि घरचे म्हणतात, आळशी झालीय. मला याचं फार वाईट वाटतं. शरीरातला साठा संपत येतो तरी हिमोग्लोबिन काही काळ ठीकच दिसतं. साठा कळतो तो फेरिटिनच्या, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या, तपासणीतून. वनस्पतींमधलं लोह कमी शोषलं जातं, पण त्याच जेवणात क जीवनसत्त्वाचं एखादं आंबट फळ असेल तर शोषण वाढतं. जेवणाला लागून घेतलेल्या चहा-कॉफीने ते घटतं.

गरोदरपणात आकडा 27 वर जातो. नऊ महिन्यांत बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त मिळून सुमारे एक ग्रॅम लोह खर्च होतं. उष्मांक मात्र तितके वाढत नाहीत: पहिल्या तीन महिन्यांत जवळजवळ काहीच जास्त लागत नाहीत, पुढच्या तीन महिन्यांत रोज साधारण 340 आणि शेवटी 450. दोन जिवांसाठी दुप्पट जेवायची गरज नसते. फोलिक आम्ल या ब गटातल्या जीवनसत्त्वाची वेळ तर त्याही आधीची. गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी नीट मिटायला ते लागतं, आणि ही नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते, तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम सुरू करायचं. बाळंतपणानंतर अंगावर पाजताना उष्मांक जास्त लागतात, पण लोहाचा आकडा 9 वर उतरतो, कारण दुधातून ते थोडंच जातं आणि पाळीही सहसा थांबलेली असते.

तिशी-चाळिशीत पोट सुटलं की दोष चयापचयाला दिला जातो. 2021 मध्ये 6,400 हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली माणसं आठ दिवसांपासून 95 वर्षांपर्यंतच्या वयाची होती. शरीराच्या आकाराचा हिशेब धरला, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर असल्याचं दिसलं. घसरण साठीनंतर सुरू होते, तीही हळूहळू.

उतारवयाचा पेच वेगळा आहे. भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज उलट वाढते, कारण तेवढ्याच प्रथिनांतून म्हातारे स्नायू कमी बांधणी करतात. 65 वर्षांपुढच्या व्यक्तीने वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, असं तज्ज्ञांच्या एका गटाने 2013 मध्ये सुचवलं. म्हणजे 60 किलोच्या आजीला 60 ते 72 ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं. पोटातलं आम्ल घटल्याने अन्नातलं बी-12 जीवनसत्त्वही नीट सुटत नाही. मऊ, गोड, चावायला सोपं असं काहीतरी खाऊन वेळ मारून नेणाऱ्या आजीचं पोट भरलेलं दिसतं आणि दंड मात्र बारीक होत जातात.

लोहाची गरज आता स्त्री-पुरुष दोघांनाही 8 मिलिग्रॅमच. म्हणूनच या वयात लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन उतरलं, तर खाणं कमी पडतंय म्हणून नुसत्या गोळ्या सुरू करू नयेत. आतड्यातून नकळत रक्त जात नाही ना, हे आधी तपासून घ्यावं.