कोटीभर ओळींतून नेमकी एक

बँकेच्या खातेदारांचा एक तक्ता आहे, त्यात एक कोटी ओळी आहेत असे समजू. आपल्याला एकाच खात्याची ओळ हवी आहे. डेटाबेसला आपण फक्त तक्त्याचे नाव आणि 'खाते क्रमांक अमुक' ही अट सांगतो. ओळ डिस्कवर कुठे आहे, तिथवर कसे पोचायचे, हे त्याचे त्याने बघायचे. ही मोकळीक मोठी आहे. पूर्वी एका नोंदीवरून दुसरीकडे जाणाऱ्या वाटा प्रोग्रामरलाच पाठ असाव्या लागत. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडले आणि चार वर्षांनी चेंबरलिन व बॉइस यांनी त्यासाठी भाषा सुचवली. तीच आजची एसक्यूएल.

ओळ शोधायचा सरळ मार्ग म्हणजे सगळा तक्ता चाळणे. डेटाबेस डिस्कवरून एकेक ओळ वाचत नाही, 'पान' वाचतो. आठ किलोबाइटच्या पानात ऐंशी ओळी मावल्या, तर सव्वा लाख पाने झाली. इंडेक्स असेल तर चित्र पालटते. एखाद्या रकान्यातली मूल्ये क्रमाने लावून केलेले हे झाड असते; वरच्या पानातली प्रत्येक नोंद खालच्या एका पानाकडे नेते. त्याच्या एका पानात तीनशे नोंदी धरल्या, तर तीन पातळ्यांत दोन कोटी सत्तर लाख ओळींचा पत्ता मावतो. म्हणजे झाडाची तीन पाने आणि ओळीचे एक, अशी चारच पाने वाचायची.

पण अट कशी लिहिली आहे, यावर सगळे अवलंबून असते. आडनाव 'कुल'ने सुरू होते अशा ओळी आडनावांच्या झाडातून पटकन मिळतात. 'कर'ने संपणारी आडनावे मागा, क्रमाचा काही उपयोग उरत नाही आणि तक्ता पुन्हा चाळावा लागतो. निम्म्या ओळी अटीत बसणार असतील, तर इंडेक्स असूनही डेटाबेस बहुधा चाळणेच पसंत करतो, आणि ते बरोबरच आहे.

वेळ लागला तर निदान कळते. रिकाम्या रकान्याची चूक कळतही नाही, म्हणून मला ती जास्त घातक वाटते. 'शहर पुणे नाही' अशी अट घातली, की ज्यांचे शहर नोंदवलेलेच नाही ते खातेदारही येतील असे आपण धरून चालतो. ते येत नाहीत. रिकाम्या जागेला एसक्यूएलमध्ये 'नल' म्हणतात. नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर होय नसते, नाहीही नसते, ते 'अज्ञात' असते. आणि ओळ निवडली जाते ती उत्तर 'होय' असेल तरच. ते खातेदार हवे असतील, तर 'किंवा शहर नल आहे' हे वेगळे लिहावे लागते.