दुर्मिळ जुने चित्रपट : घरगुती व्हिडिओ प्रतींचा शोध व पारख (मुंबई)

चित्रपटगृहांत किंवा दूरचित्रवाणीवर सहसा न दिसणारे जुने चित्रपट कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी वा ब्लू-रेच्या रूपात मिळवणे, हाती आलेली प्रत कितपत पूर्ण आहे ते ठरवणे आणि ती पाहण्याजोगी करून घेणे, असा हा तिहेरी उद्योग आहे. मुंबईत तो मुख्यतः १९८० नंतर रुजला. मूकपटांच्या आणि बोलपटांच्या आरंभीच्या काळातील नायट्रेट फिल्म (सहज पेट घेणारी व लवकर कुजणारी) मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्याने काही चित्रपटांची घरगुती प्रत हेच त्यांचे सहज हाती लागणारे एकमेव रूप उरले आहे. काही चित्रपट कोणत्याच रूपात उरलेले नाहीत. ‘आलम आरा’ (१९३१) गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला, पण त्याची एकही प्रत ज्ञात नाही. त्या नावाची डिस्क सापडलीच, तर ती १९५६ किंवा १९७३ मधील त्याच नावाच्या चित्रपटाची समजावी.

प्रारंभ : मुंबईत व्हिडिओ लायब्ऱ्या नेमक्या केव्हा सुरू झाल्या याविषयी एकमत नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, संचांच्या आयातीवरील बंधने सैल झाली आणि व्हिडिओ पसरला, असे सामान्यतः लिहिले जाते. मात्र वॉर्डन रोडवर १९६२ मध्ये पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या शेमारूने १९७९ मध्येच कॅसेटी भाड्याने देण्यास आरंभ केला होता. आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून व्हीसीआरही (कॅसेट चालवणारे संच) त्याच सुमारास येऊ लागले होते. त्यामुळे १९८२ हे आरंभाचे नव्हे, तर प्रसाराचे वर्ष मानणे अधिक युक्त वाटते. बीटामॅक्स (१९७५) व व्हीएचएस (१९७६) या दोन पद्धतींपैकी येथेही व्हीएचएसच टिकली.

व्हीसीडीचे मानक १९९३ चे. डिस्कवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटे मावत, म्हणून हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन डिस्क लागत आणि जोड बहुधा ऐन प्रसंगात येई. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांची व्हीसीडी व ३४ रुपयांची डीव्हीडी बाजारात आणली. पूर्वी ज्यांना गिऱ्हाईक नव्हते असे कितीतरी कृष्णधवल चित्रपट त्यानंतर स्टेशनाबाहेरच्या ठेल्यांवर दिसू लागले. जुन्या चित्रपटांच्या शोधकांना एवढा सुकाळ त्याआधी नव्हता व नंतरही आला नाही.

प्रतीची लांबी तपासणे : प्रत कापलेली आहे की नाही हे ठरवण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे सेन्सॉर प्रमाणपत्र. चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या या कागदावर रिळांची संख्या व लांबी (जुन्या काळी फुटांत, नंतर मीटरमध्ये) नोंदलेली असते. प्रतिमा थांबवून ती वाचावी. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात आणि बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट किंवा सुमारे २७.४ मीटर. प्रमाणपत्रावर १३,५०० फूट असतील तर चित्रपट १५० मिनिटांचा. पण आपल्याकडील दूरचित्रवाणी व व्हिडिओच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी दाखवल्या जातात, त्यामुळे तोच चित्रपट पालमध्ये १४४ मिनिटांत संपतो. ही सहा मिनिटे कापलेली नसतात. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने चांगल्या प्रतीही ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला टाकल्या जातात. उलट १४४ ऐवजी १३१ मिनिटे भरली, तर एक रीळ (सुमारे १,००० फूट, म्हणजे ११ मिनिटे) आणि वर थोडे काही गेले आहे असे समजावे. व्हिडिओसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र दिले जाई व त्यावर फुटांऐवजी वेळ असे. असे प्रमाणपत्र दिसले तर या हिशोबाचा उपयोग नाही.

दुसरा पुरावा गाण्यांचा. चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, तसेच हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांचा हिंदी फिल्म गीतकोश यांतील गाण्यांची यादी प्रतीशी ताडून पाहावी. ई-१८० कॅसेट तीन तासांची असे. त्याहून लांब चित्रपट निम्म्या वेगाने भरला जाई, किंवा श्रेयनामावली अथवा एखादे गाणे सरळ गाळले जाई. मात्र चोपडीत छापलेले गाणे प्रदर्शनापूर्वीच वगळले गेल्याचीही शक्यता असते, म्हणून केवळ चोपडीवरून निकाल देऊ नये.

पालच्या वाढीव गतीने स्वरही चढतो, सुमारे पाऊण अर्धस्वराइतका. काळी एकमध्ये गायलेले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी वाजते व पेटीवर धरू गेल्यास जुळत नाही. संगणकावर पाहताना वेग ०.९६ करावा आणि स्वर कायम राखण्याची सोय बंद ठेवावी. मग गती व स्वर दोन्ही मूळपदावर येतात.

मूकपटांची गती व ‘राजा हरिश्चंद्र’चा प्रश्न : मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याने घेतले जात व त्यांची गती ठरावीक नसे. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर एक फूट बरोबर एका सेकंदात सरकतो. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) लांबी चार रिळे, ३,७०० फूट अशी दिली जाते. १६ च्या गतीने हा चित्रपट एक तासाहून किंचित अधिक, तर २४ च्या गतीने ४१ मिनिटांचा होतो. वेगवेगळ्या ग्रंथांत त्याचा कालावधी वेगवेगळा आढळतो त्याचे कारण बहुधा हेच. आज सुमारे १,४७५ फूट एवढाच भाग उपलब्ध असल्याचे सांगतात. तो १६ च्या गतीने साडेचोवीस मिनिटे चालावा. जी प्रत तो सोळा-सतरा मिनिटांत उरकते, ती बोलपटाच्या गतीने उतरवलेली आहे आणि तिच्यातील पात्रांची लगबग फाळक्यांची नव्हे, यंत्राची आहे.

हा भाग नेमका कोणत्या चित्रपटाचा, हा वाद अधिक गंभीर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असलेली पहिली व शेवटची रिळे १९१३ ची आहेत, ही परंपरेने चालत आलेली समजूत. काही चित्रपट-इतिहासकारांच्या मते मात्र ती फाळक्यांनीच १९१७ मध्ये नव्याने चित्रित केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची आहेत. मूळ प्रिंट वापरून व प्रवासात खराब झाल्याने फाळक्यांना पुन्हा चित्रण करावे लागले, असे सांगितले जाते. ते खरे असेल तर १९१७ चा पक्ष अधिक संभवनीय ठरतो, तरी प्रश्न पुरता सुटलेला नाही. संग्रहकाने आपल्या प्रतीवर ‘१९१३/१९१७’ अशी नोंद ठेवणे उचित.

द्वैभाषिक आवृत्त्या : प्रभात फिल्म कंपनीने अनेक चित्रपट मराठी व हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित केले : ‘अयोध्येचा राजा’ व ‘अयोध्या का राजा’ (१९३२), ‘कुंकू’ व ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ व ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ व ‘पडोसी’ (१९४१). ही भाषांतरे नव्हेत. संवाद, गाणी, काही वेळा नटही वेगळे आहेत. ‘शेजारी’त गजानन जागीरदारांबरोबर केशवराव दाते आहेत, ‘पडोसी’त मज़हर खान. वेष्टनावर एका आवृत्तीचे नाव व आत दुसरी, असे घडते, म्हणून विकत घेताना पहिली पाच मिनिटे चालवून पाहावीत. एक आवृत्ती मिळाली म्हणून दुसरीचा शोध सोडू नये.

प्रतिमेतील दोष : १९५० च्या दशकापर्यंतचे बहुतेक चित्रपट जवळजवळ चौकोनी (१.३७ : १) चौकटीचे आहेत. रुंद पडदा भरण्यासाठी ते वरून-खालून कापले तर उंचीचा २३ टक्के भाग जातो, आणि नर्तकीची पावले नेमकी तिथेच असतात. ‘काग़ज़ के फूल’पासून (१९५९) आलेल्या सिनेमास्कोपची रुंदी जुन्या दूरचित्रवाणीच्या चौकटीत बसवताना सुमारे ४३ टक्के चित्र गमावले जाई. प्रतिमा ताणलेली आहे का, हे घड्याळ, गाडीचे चाक, थाळी अशा गोल वस्तूंवरून कळते. त्या लंबगोल दिसल्या की चौकट चुकलेली.

भारतीय डीव्हीडींपैकी पुष्कळ, परदेशातील विक्रीचा विचार करून, एनटीएससी (अमेरिकेतील, सेकंदाला सुमारे ३० चौकटींच्या) पद्धतीत निघाल्या. पालमधील टेपवरून त्या केल्या असतील तर दोन चौकटी एकमेकींत मिसळतात. नृत्याच्या प्रसंगी चित्र थांबवून एकेक चौकट पुढे न्यावी. हाताच्या जागी दोन पुसट हात दिसले तर रूपांतर सदोष आहे. हा दोष नंतर दुरुस्त होत नाही. ‘एका डिस्कवर तीन चित्रपट’ या प्रकारात अडीच तासांचे तीन चित्रपट ४.७ जीबीत कोंबले, तर सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट वाट्याला येतात, जवळपास व्हीसीडीइतकेच. अंधारातील प्रसंगांत मग चौकोनी ठिपके उठतात. तोच चित्रपट एकटा मिळत असेल तर तोच घ्यावा. एकेरी ध्वनीच्या चित्रपटावर ‘५.१’ (अनेक बाजूंनी येणारा ध्वनी) छापलेले असेल तर नवे पार्श्वध्वनी घातल्याची शक्यता गृहीत धरून मूळ ध्वनीचा पर्याय आहे का ते पाहावे.

परदेशी डिस्कसाठी विभाग-संकेत (ती कोणत्या प्रदेशातील संचावर चालेल हे सांगणारी खूण) पाहावा लागतो. डीव्हीडीसाठी भारत ५ व्या विभागात, अमेरिका १ मध्ये, युरोप २ मध्ये. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’, अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’. डीव्हीडी संचाचा विभाग बऱ्याचदा रिमोटवरील संकेताने उघडता येतो. ब्लू-रेच्या बाबतीत हे कठीण असते, तेव्हा आधी संच पाहून मग डिस्क मागवावी.

बुरशी व कॅसेटची दुरुस्ती : मुंबईची दमट हवा हा कॅसेटचा पहिला शत्रू. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट चांगल्या संचात मुळीच घालू नये. बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते व पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट सिलिका जेलसह बंद डब्यात काही दिवस सुकवावी. नंतर उघड्या हवेत, तोंडावर मास्क बांधून, खालच्या बाजूचे पाच स्क्रू काढावेत व टेपचा मार्ग ध्यानात ठेवून दोन्ही रिळे स्वच्छ कवचात हलवावीत. टेप हलक्या हाताने धागे न सुटणाऱ्या कापडातून ओढत पुसावी, लागल्यास ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा द्यावा. पाण्याचा वापर नको. मग एका जुन्या, खर्ची टाकलेल्या संचात कॅसेट टोकापासून टोकापर्यंत एकदा पुढे-मागे करावी व त्यानंतरच चालवावी.

संचातील बिघाड बहुधा रबराचे : पट्टा सैल पडतो, पिंच रोलर (टेप दाबून पुढे सरकवणारे चाक) कडक होतो व टेप आत गुंडाळली जाते. हे भाग, तसेच जुने व्हीसीआर लॅमिंग्टन रोडवर व चोर बाजारात विचारून पाहावेत. हेड साफ करताना कापड स्थिर धरून ड्रम (हेड बसवलेला फिरता दंडगोल) हाताने फिरवावा. कापड वर-खाली घासल्यास हेडचे टोक मोडते. संगणकावर उतरवताना ७२० × ५७६, सेकंदाला २५ चौकटी ठेवाव्यात. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. पडद्याच्या कडा थरथरत असतील तर मध्ये टाइम बेस करेक्टर (डळमळते चित्र स्थिर करणारे उपकरण) जोडावा. व्हीसीडीवर डेटा डिस्कसारखी दुहेरी चूकदुरुस्ती नसते, म्हणून ओरखड्यांची व्हीसीडी पुन्हापुन्हा न चालवता पहिल्याच संधीला तिची नक्कल करून ठेवावी.

मिळण्याची ठिकाणे : काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. गल्लोगल्लीच्या लायब्ऱ्या त्याआधीच उठल्या होत्या व त्यांचा माल रद्दीवाल्यांमार्फत फुटपाथवर आला. चोर बाजारातील मटन स्ट्रीटची दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. कॅसेट अस्सल आहे का हे वेष्टनावरून कळते : १९८४ च्या कायदादुरुस्तीनुसार निर्मात्याचे नाव-पत्ता व सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत त्यावर असणे आवश्यक आहे. दूरदर्शनवरून घरी भरलेल्या, हाताने नाव लिहिलेल्या कॅसेटी दुकानदार निरुपयोगी म्हणून बाजूला टाकतो. त्या आवर्जून चाळाव्यात, कारण कधीच विक्रीस न आलेले चित्रपट त्यांतच सापडतात.

हक्क : भारतात चित्रपटाचे संरक्षण प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असते. १९६४ च्या चित्रपटाचे ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपले. गीत-संगीताचे हक्क वेगळे मोजले जातात.